पंजा काटकोनात धरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपत आली असताना पंचेचाळिशीतल्या एक काकू आल्या. "उजवा पाय उचलतच नाही जी, चप्पल कुठं गळून पडते तेबी समजत नाही," ही त्यांची तक्रार होती. कंबरही दुखते असे त्या म्हणाल्या आणि तेवढ्यावरून मी मनात मणक्यातली चकती सरकल्याचे जवळजवळ ठरवून टाकले.

दोष कमरेतल्या एल-५ मुळाशी (मणक्यातून पायाकडे निघणाऱ्या नसेच्या उगमाशी) आहे, की गुडघ्याखाली फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालणाऱ्या पेरोनियल नसेत, हे ओळखण्यासाठी मी एक सचित्र मार्गदर्शक वापरतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात नसांच्या जखमा तपासण्यासाठी पुस्तिका काढली होती. हे त्याच घराण्यातले.

पंजा वर उचलण्याच्या ताकदीला मी ५ पैकी २ गुण दिले. खरा निवाडा मात्र तळवा आत वळवणाऱ्या टिबियालिस पोस्टेरियर या स्नायूवर असतो, कारण एल-५ मुळाचे तंतू त्याच्याकडे टिबियल नसेच्या वाटेने जातात आणि पेरोनियल नस दबली तरी तो शाबूत राहतो. काकूंचा पाय पलंगावरून लोंबत असतानाच मी हा स्नायू तपासला व कमकुवत ठरवला. म्हणजे दोष कमरेत, एमआरआयसाठी नागपूरची वारी, आणि मजुरी बुडणार ती वेगळीच.

चिठ्ठी लिहिण्याआधी एका ज्येष्ठ सहकारी ताईंना फोन केला. "पंजा काटकोनात धरला होतास का?" एवढेच त्यांनी विचारले. चित्रात मी बोटे कुठे ठेवायची ते पाहिले होते, पंजा कसा धरायचा ते नाही. लोंबत्या पंजाला आत वळवताना धडधाकट स्नायूही दुबळा भासतो. या वेळी पंजा वर धरून आत ओढायला सांगितले, तेव्हा घोट्याच्या आतल्या हाडामागची कंडरा बोटाखाली दोरीसारखी ताठ झाली. पूर्ण ५. एल-५ चीच आणखी एक खूण म्हणून कुशीवर झोपवून मांडी उचलायला लावली, तीही ५. म्हणजे मूळ शाबूत होते, दोष पेरोनियल नसेत होता.

मग विचारपूस केली, जी आधीच करायला हवी होती: दोन आठवडे दिवसभर उकिडवे बसून सोंगणी, त्यानेच नस दबली असणार. आमच्या भागात कुष्ठरोग विसरून चालत नाही, म्हणून नस चाचपली. ती जाड नव्हती, बधिर चट्टेही नव्हते.

पंजाला आधार देणारी पट्टी दिली आणि उकिडवे बसणे बंद करायला लावले. सहाव्या आठवड्यात ३ गुण लिहिले, तेव्हा काकूंनी विचारले, "आता कापूस वेचाले जाऊ का जी?" कापूस उभ्याने वेचतात, म्हणून पट्टी बांधून जा म्हटले.