एका रंगाला एकच अर्थ

लातूर, गुरुवार, रात्र

आज कोड लिहायच्या एडिटरच्या खुणा ठरवायला बसलो. फाईल सेव्ह झाली का, चूक कुठाय, कुठली ओळ बदलली, हे सांगणाऱ्या बारक्या खुणा. कामाच्या दिवसभर नजर त्यांच्यावरूनच फिरते, म्हणून त्या नीट असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिला मान सेव्ह न केलेल्या फाईलचा. उन्हाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मी वापरतो त्या व्हीएस कोड एडिटरमध्ये अशा फाईलच्या टॅबवर बंद करायच्या फुलीच्या जागी भरीव ठिपका येतो, व्हिम या दुसऱ्या एडिटरच्या पट्टीत [+] दिसतं. ठिपका मला फार लहान वाटतो. बदललेल्या टॅबच्या वरच्या कडेला रेघ ओढायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू केली. रंग कुठला? डीबग, म्हणजे कोडमधली चूक शोधणं, चालू असताना खिडकीच्या खालची पट्टी नारिंगी होते, म्हणून नारिंगी बाद. पिवळा इशाऱ्याचा. काळ्या थीमवर पांढरा मोकळा होता, तोच दिला. खालच्या पट्टीची निळाई काढून तिला करडी केली; सगळं ठीक असताना तिनं लक्ष वेधायचं कारण नाही.

सोबत काम करणाऱ्या मित्राला कोड तपासणाऱ्या टेस्टचे लाल-हिरवे गोळे दाखवले तर म्हणाला, "भाऊ, मला दोन्ही सारखेच दिसायलेत." म्हणून आता पास झालं की बरोबरची खूण, नापास झालं की फुली. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेली डब्ल्यूसीएजी ही नियमावलीही हेच सांगते: अर्थ नुसत्या रंगावर सोडू नका. शिवाय अशा खुणेचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान 3:1 हवा. करड्या पट्टीवरची अक्षरं त्यामुळं उजळ करावी लागली, मजकुराला 4.5:1 लागतो.

खरा वेळ गेला तो मराठी मजकुरात. शब्द चुकला की खाली लाल नागमोडी रेघ येते. इंग्रजीत ती बहुतेक अक्षरांच्या खाली मोकळ्या जागेत बसते. आपल्याकडं तिथंच उकार असतो. 'मूल' की 'मुल', 'पूर्ण' की 'पुर्ण', हे पाहायला डोळे जिथं जातात नेमकी तीच जागा रेघ झाकून टाकते. ('रु'ला तेवढी भीती नाही, त्याचा उकार बाजूला असतो.) चूक दाखवणारी खूण चूकच झाकत असेल तर ती ठेवायची कशाला? रेघेचा रंग पारदर्शक केला आणि शब्दामागं फिकट तांबूस छटा दिली. 'पुर्ण'चा ऱ्हस्व उकार आता स्पष्ट दिसतो, वरचा रफारही.

ओळींमधलं अंतरही वाढवलं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकत नाही. स्क्रीनवर ओळी कमी मावतात, पण डोळ्यांना बरं वाटतं. कोड लिहितानाही अंतर तेवढंच ठेवणार आहे.