धार गेलेला अडकित्ता

आजीला केळकर संग्रहालयात नेलं, ते खरं म्हणजे वेळ काढायला. वाईहून ती गुडघे दाखवायला आली होती आणि डॉक्टरांनी बोलावलं होतं संध्याकाळी. दुपारभर करायचं काय? शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यासमोर रिक्षा थांबली. 'राजा दिनकर केळकर' ही पाटी वाचून आजीनं विचारलं, "कुठल्या संस्थानचे गं हे राजे?"

संस्थान कसलं! दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचा व्यवसाय करायचे आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. सगळा संग्रह त्याच्या नावानं उभा केला आणि १९७५ साली राज्य सरकारला देऊन टाकला. हे ऐकून आजी पायरीवरच थांबली. मला वाटलं, गुडघे. पण माझ्या वडिलांच्या आधीचा तिचाही एक असाच चार वर्षांचा होऊन गेलेला. त्याच्या नावाचं आमच्या घरात काहीच नाही.

आत गेल्यावर मात्र ती खुलली. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल मी मोठ्या हौसेनं दाखवला, तर "हं, छान आहे" म्हणून पुढे निघाली. रमली ती अडकित्त्यांपाशी. पोपटाचे, घोड्याचे, एकमेकांना बिलगलेल्या जोडप्याचे अडकित्ते. जोडप्यावरून तिनं नजर घाईनं पुढे नेली आणि थोड्या वेळानं परत आणली. मग काचेला नाक लावून निकाल दिला, "धार गेलीये ह्याची. सुपारी फुटेल, पण कातरली जायची नाही."

पाय घासायच्या पितळी वज्र्या पाहून तर तिला हसूच फुटलं. वर मोर नाहीतर हत्ती, आणि पोकळ पोटात खडे, म्हणजे पाय घासताना आवाज व्हावा. "आम्ही आपला खापराचा तुकडा घ्यायचो बाई." आणि जिना उतरताना, "एवढं सगळं पुसायचं कोणी रे देवा?" वीस हजारांवर वस्तूंचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावरच्या धुळीचा विचार आजीच करू जाणे.

तेव्हापासून पुण्यातल्या असल्या जागी गेले की मला आधी सांभाळणारे हात दिसतात. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं, बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. आपण विद्वानांना नमस्कार करतो तो योग्यच. पण ती पोथी दीड-दोनशे वर्षं फडक्यात बांधून वाळवीपासून जपणारी कुणीतरी घरात होतीच की. नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून आहे, म्हणजे भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेच्याच वयाचं. तितक्या वर्षांत तिथल्या पुस्तकांना किती जणांनी पुठ्ठे चढवले असतील!

सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मी मोडी शिकायला गेले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेलं मंडळ. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळणारा तो माणूस. तिथं 'रुमाल' हा शब्द नव्यानं भेटला. रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं, चौकोनी कापडात बांधलेलं. आजीच्या ट्रंकेत लाल अलवाणात बांधलेले कागद होते, त्यांना ती रुमालच म्हणायची आणि मी लहानपणी हसायचे, एवढा मोठा रुमाल कोणाच्या नाकाला लागतो म्हणून!

मोडी जेमतेम लागायला लागल्यावर मी तो रुमाल सोडला. मोडीत हात न उचलता लिहीत जायचं, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. तीन रविवार गेले. मनात म्हटलं, सनद निघेल, इनामपत्र निघेल, निदान कोणाचं तरी भांडण निघेल. निघाली उधारी. तेल, गूळ, सुपारी. त्यातही सुपारीच जास्त. आजी हे ऐकायला नव्हती, नाहीतर म्हणाली असती, "तुझ्या पणजोबांना दात कुठे होते शेवटी? कातरून कातरून माझा हात दुखायचा."

ज्या अडकित्त्यानं हात दुखायचा तो माझ्याकडे आहे. साधा, लोखंडी, पोपट नाही की घोडा नाही. आमच्याकडे आता सुपारी कोणी खात नाही, दिवाळीत अक्रोड फोडायला निघतो. परवा सायकलवरचा धारवाला दाराशी आला, तेव्हा सुऱ्यांबरोबर तोही दिला. त्यानं उघडून-मिटून पाहिला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "विकायचाय का, ताई?"

मी तो धार न लावताच परत घेतला.