तिथी गुणिले तीन, भागिले चार

पार्ल्याची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि गेल्या जूनपासून आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याच्या घरात राहतोय. तीन वर्षांत चावी मिळणार असं करारात लिहिलंय. तिनाचे किती होतील यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पैजा लागतात. सामान बांधताना मी खोक्यांवर स्केचपेननं नावं घातली होती. एकावर 'केबली – कामाच्या', दुसऱ्यावर 'केबली – बहुतेक कामाच्या'. दुसरं खोकं अजून उघडलेलं नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

पार्ल्यात विमान डोक्यावर आलं की वाक्य थांबवायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढे उचलायचं, ही सवय आम्हाला बोलायला शिकतानाच लागलेली. २०१६ मध्ये बिस्किटांचा कारखाना बंद पडेपर्यंत हवेला एक गोड वासही असायचा. मुलुंडला आल्यावर पहिले आठ दिवस शांततेनं झोप लागेना. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "आपण घरात इतकं ओरडून का बोलतो?" त्यावर मी "काय?" असं ओरडूनच विचारलं.

मी प्रोग्रॅमर. ट्रकांनी माल कधी उचलायचा, कुठे टाकायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. ऑफिस चकाल्याला, म्हणजे पार्ल्याहून रिक्षानं वीस मिनिटं. आता आठवड्यातले तीन दिवस मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो. जन्मभर वेस्टर्नवर वाढलेल्या माणसाला सेंट्रलवर पाठवणं ही काय शिक्षा असते ते वेस्टर्नवाल्यालाच कळेल. घाटकोपरला पुलावरून मेट्रोकडे जाताना आपण चालत नसतो, आपल्याला चालवलं जातं.

पण गाडीत एक गोष्ट झाली. पूर्वी काही अडलं की मी लॅपटॉप उघडायचो आणि उत्तर शोधत बसायचो. आता एक हात वरच्या कडीला, दुसरा छातीवरच्या बॅगेला. फोनही काढता येत नाही. मग विचार करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आमच्याकडे एका फेरीवर कधीकधी दोन ट्रक नेमले जायचे. रोज नाही, कधीतरीच, म्हणजे सगळ्यात वाईट जातीचा बग. तीन आठवडे आम्ही लॉग चाळत होतो. नाहूर गेलं आणि भांडुप यायच्या आत लख्ख दिसलं. फेरी मोकळी आहे का हे आम्ही आधी बघत होतो आणि कुलूप नंतर लावत होतो. मधल्या क्षणात दुसरा कुणी घुसत होता. लिहून घ्यायची सोय नाही, म्हणून घाटकोपरपर्यंत रामरक्षा म्हटल्यासारखं पुटपुटत गेलो: आधी कुलूप, मग तपासणी. आधी कुलूप, मग तपासणी. शेजारच्या काकांना वाटलं असणार, घराला कुलूप लावायचं विसरला बिचारा.

उरलेले दोन दिवस घरून काम. घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून आधी हायवे दिसतो, मग मिठागरं, मग तिवरांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे ठाण्याची खाडी आणि समोर ऐरोली. रोज दहाला आमचा स्टँडअप असतो, म्हणजे टीमची उभ्याउभ्या करायची छोटी बैठक. नावाला जागून मी तो गॅलरीत उभा राहूनच करतो. काही आठवड्यांनी लक्षात आलं की एका मंगळवारी दहाला समोर पाणी असतं आणि पुढच्या मंगळवारी त्याच दहाला नुसता चिखल, चकचकीत, ओल्या पाटीसारखा. भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतोच. पण माझ्या आयुष्यात सगळंच दहाला होतं, नाहीतर ८.१४ ला. ८.१४ ची गाडी उद्याही ८.१४ लाच असते, निदान फलकावर. रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणारी आणि तरीही वेळेवर असलेली गोष्ट मी पहिल्यांदा बघत होतो.

डिसेंबरात त्या चिखलावर गुलाबी ठिपके दिसायला लागले. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. दुर्बीण आली. मग पाणी ओसरल्यावर चोच उलटी धरून चिखल गाळत चाललेली ती रांग बघणं आलं. पाण्यातल्या शेवाळानं पंखांना तो रंग चढतो, हे मला लेकीनं सांगितलं. पूर्वी शनिवारी रात्री दीनानाथला नाटक असायचं. आता रविवारी ओहोटी कितीला, हा प्रश्न पडायला लागला.

प्रश्न पडला की प्रोग्रॅमर प्रोग्रॅम लिहितो. भरतीची आकडेवारी मिळवली, जुळणी केली, ओहोटीच्या तासभर आधी फोनवर निरोप येईल अशी व्यवस्था केली. दोन रात्री गेल्या. त्या रविवारी निरोप आला: ओहोटी दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांनी. मी, बायको, लेक, पाण्याच्या बाटल्या, दुर्बीण असे निघालो. आई कोचावर कालनिर्णय घेऊन बसली होती.

"आज चतुर्थी ना? चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती आहे रे. पावणेचारला कुठला चिखल बघायला निघालात?"

"आई, मी प्रोग्रॅम केलाय."

"असेल," आई म्हणाली.

भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यानं खाडीशी पोचलो तर पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत. एकही रोहित नाही. चिखल बुडाला की ते पलीकडे नवी मुंबईतल्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. एक बगळा होता. लेकीनं दुर्बिणीतून त्या बगळ्याला दहा मिनिटं बघितलं, केवळ माझ्यासाठी.

चूक रात्री सापडली, आणि ती सांगायलाही लाज वाटते. आकडे ग्रिनिचच्या वेळेत होते आणि मी त्यात साडेपाच तास मिळवलेच नव्हते. सतरा वर्षं हे काम करतोय. टाइमझोन विसरला म्हणून किती जणांचा कोड परत पाठवलाय, त्याची मोजदाद नाही. त्यातही गंमत अशी की भरती आणि ओहोटीमध्ये सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ बरोबर उलट उत्तर. तासाभराची चूक झाली असती तर चारदोन रोहित तरी दिसले असते.

मग आईचं सूत्र मांडून बसलो. तिचं माहेर रेवदंड्याचं. तिचे वडील होडीनं कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईच्या बाजूला शिकवायला जायचे, त्यामुळे घरात हे गणित पाढ्यांबरोबरच यायचं. तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा, आली भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ. अष्टमीला सहा, पण ती भांगाची, बेताची. पौर्णिमा-अमावस्येला उधाण.

मला त्यात बग सापडला, आणि खरं सांगतो, आनंद झाला. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी कशी? कागदावर मांडलं. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. आईचं सूत्र तिथीमागे ४५ मिनिटं धरतं. म्हणजे दर तिथीला तीन मिनिटं तोटा, पंधरा तिथींत पाऊण तास. आणि मग पक्ष बदलतो, मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि साठलेला पाऊण तास एका फटक्यात वसूल! आमच्या धंद्यात याला दर पंधरवड्याला सर्व्हर रीस्टार्ट करणं म्हणतात. करतात सगळे, पण कबूल कुणी करत नाही. इथे तो रीस्टार्ट आकाशातच बसवलेला आहे, तोही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आईला हे सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तासभर आधी जाऊन काठावर बसायचं. होडी म्हणजे काय लोकल आहे?"

खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, त्याचीही भर आता घातली आहे. तरी माझा प्रोग्रॅम आणि कालनिर्णय यांत फरक पडला की घरातले सगळे आईकडे बघतात.

विमानं मात्र पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरणाऱ्या विमानावर रोहितांचा थवा आदळला, तीसहून जास्त मेले. तेव्हा आम्ही पार्ल्यात होतो. ती बातमी मी विमानाची बातमी म्हणून वाचली होती. उशीर किती झाला, एवढंच बघितलं होतं.

ऑफिसच्या कॅलेंडरवर मी आता घरच्या दोन दिवसांत एक तास अडवून ठेवतो. मथळा 'ओहोटी'. टीममध्ये कोल्हापूरची एक ज्युनिअर आहे, तिनं चॅटवर विचारलं, "सर, ओहोटी हा नवीन क्लायंट आहे का?" मॅनेजरची तक्रार वेगळीच. हा तास एका जागी का राहत नाही? मंगळवारी अकराला, बुधवारी बाराच्या आसपास, पुढच्या आठवड्यात भलतीकडेच. "एकदाच रिकरिंग लावून टाक ना," तो म्हणाला. मी पर्याय बघितले. रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षी. बारा तास पंचवीस मिनिटांनी असं काही तिथे नाही.

आईला सांगितलं. तिनं शेंगा सोलता सोलता मान वर केली.

"मग त्यांना तिथी सांग."