कासरा तुटला तिथपर्यंत

आमच्या वाडीत रहाटाला बैल असायचा. वडील बजावून सांगायचे, कासरा हाताला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. मी एकदा गुंडाळला. कुणीतरी विहिरीवर रिकामा डबा आपटला, बैल बुजला आणि मी केळींमधल्या पाटातून फरफटत गेलो. फार नाही, दहाबारा पावलं. कासरा जुना होता म्हणून तुटला. मनगटावरचा वळ महिनाभर गेला नाही.

आम्ही वसईचे, कॅथलिक. मुलगा दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कामात आहे. गेल्या ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानेच विषय काढला, "पप्पा, तुम्ही म्हणत होता ना, एकदा चालत जायचंय? इथल्या पहिल्या बिशपांच्या थडग्यापर्यंत जाऊ." सण असतो 29 नोव्हेंबरला, पण रजा काही सण बघून मिळत नाही. तीन दिवस मिळाले. मी तिला वारीच म्हणतो. दिंडी दोघांची, टाळ नाही, पताका नाही.

त्या बिशपांचं नाव सातुर्निनुस. तिथल्या लोकांच्या तोंडी झिजून ते सेर्नँ झालंय. साल 250, रोममध्ये सम्राट डेशियस. तुलूझ तेव्हा तोलोसा होतं आणि तिथली ख्रिस्तसभा मूठभर लोकांची. प्रार्थनेच्या जागी जाता-येता बिशपांना कॅपिटोलच्या देवळावरून जावं लागे. देवळातले देव कौल देईनासे झाले. पुजारी म्हणाले, हा माणूस रोज दारावरून जातो म्हणून. लोकांनी धरलं, बैलाचा बळी दे म्हणाले. ते नाही म्हणाले. मग बळीसाठी आणलेल्या त्याच बैलाला त्यांना दोरीने बांधलं आणि बैलाला डिवचून पायऱ्यांवरून खाली सोडलं. डोकं पायऱ्यांवरच फुटलं. पुढे कुठेतरी दोरी तुटली आणि देह रस्त्यात पडला. हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी दोन बायकांनी तो लाकडी पेटीत ठेवला आणि खोल पुरला.

ही हकीकत पाचव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. त्यात बिशपांचं नाव आहे, सम्राटाचं आहे. त्या दोघींचं नाही.

पुढची दंतकथा अशी, की त्या दोघींना फटके मारून शहराबाहेर हाकललं आणि त्यांनी दूरच्या एका गावात आसरा घेतला. ते गाव आजही आहे, कास्तेलनोदारीच्या पश्चिमेला. नावच मास-सेंत-प्युएल, म्हणजे पवित्र कन्यांचं गाव. आम्ही तिथूनच निघालो. त्या ज्या दिशेने पळाल्या असतील, तिच्या उलट.

आदल्या रात्री कास्तेलनोदारीत कासुले खाल्लं होतं. मातीच्या पसरट भांड्यात तासन् तास शिजवलेल्या पांढऱ्या शेंगदाण्यांचं, माफ करा, घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, वर बदकाची तंगडी. चव छान, पण दुसऱ्या दिवशी चालायचं असेल तर खाऊ नका. मला वालाचं बिरडं आठवत होतं आणि पोट दगडासारखं झालं होतं.

वाट मिदी कालव्याच्या काठाने जाते. रिके नावाच्या माणसाने खणवलेला हा कालवा 1681 मध्ये सुरू झाला, लांबी 240 किलोमीटर. नोरूझला त्याचा माथा लागतो. डोंगरातून आणलेलं पाणी इथे दोन वाटांनी फुटतं, एक भूमध्य समुद्राकडे, दुसरं अटलांटिककडे. पाटाच्या पाण्यावर वाढलेला माणूस मी, तिथून हललोच नाही. मुलगा शेवटी म्हणाला, "पप्पा, देऊळ पुढे आहे." काठावर कुठे चिनारासारख्या प्लेन झाडांची दाट सावली, तर कुठे मैलभर उजाड. बुरशीचा रोग पडलाय, हजारो झाडं तोडावी लागली. उजाड भागात नवी रोपं काठीला बांधून उभी होती.

पहिल्या दिवशी ओतां वारा लागला. आग्नेयेकडून येतो, दिवसचे दिवस वाहतो, माणूस चक्रम होतो म्हणतात. आम्हाला तो पाठीवर होता, म्हणजे फुकटचा धक्का. तुलूझकडून उलट येणाऱ्याला तो थेट तोंडावर. त्या दोघी फटके खाऊन ह्याच वाऱ्यात आल्या असतील का, हे मात्र डोक्यातून जाईना.

विलफ्रांशला पहिला मुक्काम, मोंजिस्कारला दुसरा. दुसऱ्या रात्री डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड. नवे बूट घालून निघालो होतो, दोष कुणाला देणार! मुलाने सुई तापवून फोडला आणि वर सुनावलं, "आम्हाला सांगायचात ना, नव्या चपला घालून लांब जाऊ नये?"

तिसऱ्या दिवशी शहरात शिरलो. सगळं गुलाबी विटांचं. आजच्या कॅपिटोल चौकात रोमन देऊळ नव्हतं. त्याचे अवशेष दक्षिणेला, एस्किरोल चौकाखाली सापडले. पण चौकातून निघणाऱ्या गल्लीचं नाव र्‍यू द्यू तोर, बैलाची गल्ली. सायकली, विद्यार्थी, पुस्तकांची दुकानं. मधेच भिंतीसारखा सपाट मनोरा असलेलं चर्च लागतं. परंपरा सांगते, बैल इथे थांबला. मी दारात उभा राहून मनगट चोळत होतो, हे मुलाने दाखवून दिलं.

गल्लीच्या टोकाला सेर्नँचं मोठं चर्च. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप एक्सुपेर यांनी देह इथे आणला. आजच्या इमारतीला पोप दुसरे अर्बन यांनी 1096 मध्ये अभिषेक केला. वेदीच्या मागून गोल वाट काढली आहे, यात्रेकरूंनी मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, न मोडता अवशेषांभोवती फिरावं म्हणून. आपली प्रदक्षिणाच. मी लंगडत दोन घातल्या. बिशपांच्या थडग्याच्या पेटीखाली काशाचे बैल आहेत. ज्याने फरफटत नेलं त्यालाच भार वाहायला ठेवलंय.

"त्या खऱ्या बैलाचं काय झालं असेल?" मुलाने विचारलं.

"बळीसाठीच आणलेला होता तो," मी म्हणालो.

बाहेर बाकावर बसून वसईला दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. विचारलं, "रहाटाचा तो बैल, मला ओढत नेलेला, त्याचं नाव काय होतं रे?"

"पवळ्या," दादा लगेच म्हणाला. मग जरा थांबला. "आणि डबा मी आपटला होता."