अकरा दिवसांचा पगार: टायटल वनच्या तपासणीचा माझा अनुभव

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात हिशेब बघायचे. मार्च उजाडला की उपयोगिता प्रमाणपत्रांचे गठ्ठे घरी यायचे, आणि ताटावर बसल्यावरही बाबांचं चित्त कुठल्यातरी न जुळणाऱ्या बेरजेत असायचं. हे काम आपण जन्मात करायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आज अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका लहानशा स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बिझनेस ऑफिसात मी तेच करते. फरक एवढाच की इथला मार्चएंड जूनमध्ये येतो.

इथल्या शाळा मुख्यतः घरपट्टीवर आणि राज्याच्या पैशावर चालतात. केंद्राचा, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारचा, वाटा त्या मानाने थोडा, पण कपाटं भरतात ती त्याच्याच फायलींनी. त्यातली सगळ्यात जाड फाइल टायटल वनची. 1965 च्या कायद्यातून आलेली ही योजना, 2015 च्या दुरुस्तीनंतरही मूळ तत्त्व तेच: गरिबी जास्त असलेल्या शाळांना जादा पैसे. यातला ‘जादा’ हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी झोप उडवली. जे काम डिस्ट्रिक्टने स्वतःच्या पैशातून करायचंच आहे, ते केंद्राच्या गळ्यात मारता येत नाही. शिवाय बाबांकडे अनुदान आधी यायचं आणि हिशेब मागून. इथे आम्ही आधी खर्च करतो आणि मग राज्याच्या पोर्टलवर भरपाई मागतो. खर्च नामंजूर झाला तर फटका आपल्याच तिजोरीला.

अर्ज भरणं मला वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. डिस्ट्रिक्टला किती मिळणार हे जनगणना खात्याच्या गरिबीच्या अंदाजावरून ठरतं. पण आलेले पैसे आपल्या कुठल्या शाळेला किती द्यायचे, हे आमच्याकडे सवलतीच्या जेवणाच्या फॉर्मवरून ठरतं. आणि लोक फॉर्मच भरत नाहीत! सप्टेंबरमध्ये बॅक टू स्कूल नाइटला, म्हणजे पालक शाळेत येतात त्या संध्याकाळी, मी टेबल लावून बसले होते. एक मराठी ताई फॉर्म हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “अहो, डबा तर मी घरूनच देते. मग आपली मिळकत कशाला लिहून द्यायची?” डबा खुशाल द्या, म्हटलं, पण तुमच्या एका फॉर्मने शाळेची टक्केवारी वर जाते, आणि त्यावर वाचनाच्या जादा बाईंचा पगार अवलंबून असतो. त्यांनी फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. आठवड्याने तो भरून आला, डाव्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटासकट.

त्या वाचनाच्या बाईंवरच सगळं घोडं अडलं.

त्यांचा शंभर टक्के पगार टायटल वनमधून. त्यांची शाळा ‘टार्गेटेड असिस्टन्स’ प्रकारची, म्हणजे पैसा सगळ्या शाळेचा नाही, निवडलेल्या मागे पडलेल्या मुलांचाच. दर सहा महिन्यांनी बाई आणि प्रिन्सिपल सही करून द्यायचे की पूर्ण वेळ याच कामात गेला. मी ते कागद फाइलला लावायचे आणि निर्धास्त असायचे.

मग राज्याची तपासणी आली. दोघंच जण, अतिशय मऊ बोलणारे. पगारपत्रक मागितलं, दिलं. बाईंचं वेळापत्रक मागितलं, दिलं. मग त्यातल्या बाईंनी सहज विचारलं, “शिक्षक गैरहजर असले की वर्ग कोण घेतं, त्याची वही असेल ना?” ती वही प्रिन्सिपलच्या सेक्रेटरीकडे होती. तपासणीच्या बाईंनी ती उघडली, शेजारी आमचं सही केलेलं प्रमाणपत्र ठेवलं, आणि पेन्सिलने बारीक टिंबं द्यायला लागल्या. वर्षभरात अकरा टिंबं. अकरा दिवस वाचनाच्या बाई चौथीचा, दुसरीचा, एकदा तर चक्क जिमचा वर्ग सांभाळत होत्या. बदली शिक्षक मिळाला नाही की प्रिन्सिपल त्यांना हाक मारायचे. केंद्राच्या पगारावरच्या बाईंनी इतर शिक्षकांइतकीच जेवणाच्या सुट्टीतली देखरेख केली तर चालते. ही बदली मात्र सरळसरळ डिस्ट्रिक्टची जबाबदारी केंद्राच्या पैशावर ढकललेली.

कोणाचीच नियत वाईट नव्हती. पण मीही ती वही कधी मागितली नव्हती, हे खरं.

दुरुस्ती करायला दोन आठवडे गेले. आमच्या करारात एका दिवसाचा पगार म्हणजे वार्षिक पगार भागिले 200. त्याला अकराने गुणून ती रक्कम टायटल वनमधून काढून स्थानिक खात्यावर टाकली. तेवढ्यावर भागत नाही. न्यू जर्सीत शिक्षकांची पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीचा मालकाचा हिस्सा राज्य भरतं, पण पगार केंद्राच्या ग्रँटमधून असेल तर तो हिस्सा डिस्ट्रिक्टने ग्रँटमधून राज्याला परत करायचा असतो. म्हणजे अकरा दिवसांचं तेही उलटं फिरवायचं. त्यात दाखल केलेला भरपाईचा दावा कमी झाला, शिल्लक वाढली, आणि टायटल वनची शिल्लक साधारणपणे 15 टक्क्यांपुढे पुढच्या वर्षात नेता येत नाही, म्हणून तीही तपासली. सुदैवाने आम्ही बरेच खाली होतो. शेवटी सुधारणेचा आराखडा बोर्डाच्या सभेत मंजूर करून घेतला. रात्री साडेनऊला, पार्किंग लॉटच्या डांबरीकरणाच्या ठरावानंतर, अर्ध्या मिनिटात.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “हजेरीपट आधी बघायचा, मग सही.”

आता दर महिन्याच्या शेवटी मी ती वही स्कॅन करून मागवते. सेक्रेटरीबाई आधी वैतागल्या, आता न मागता पाठवतात. यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी प्रिन्सिपलचा फोन आला. तिसरीच्या बाई आजारी, कोणी मिळत नाही, आजच्या दिवस वाचनाच्या बाईंना पाठवू का? मी म्हटलं, पाठवू नका, आणि पाठवलंत तर आजच्या आज मला लिहून कळवा, म्हणजे तो दिवस मी तुमच्या बजेटला लावते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “राहू दे, मीच घेतो तिसरी.”