वायरलेससाठी ३५ मीटर वायर

आमच्या घरात चुली तीन आणि गेल्या दिवाळीपर्यंत इंटरनेटची कनेक्शनंही तीन. तळमजल्यावर चुलत सासरे आणि काकू, मध्ये आम्ही आणि सासूबाई, वर दीर-जाऊबाई आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पुतण्या. एका रविवारी मी सहज हिशेब मांडला तर तीन बिलांची बेरीज अठराशेच्या वर गेली. काका म्हणाले, "नळाचं कनेक्शन एक आहे ना सगळ्यांत? मग याचं का नाही?" मुद्दा बिनतोड होता. माझं काम घरूनच, हिशेबतपासणीचं, म्हणून जबाबदारीही माझ्यावरच आली.

घर नारायण पेठेतलं. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं, त्या पुरात जुना वाडा बसला. मग आजेसासऱ्यांनी त्याच जागेवर ही इमारत उभी केली. पुराचा धसका घेतलेल्या माणसाने बांधलेल्या भिंती, तळमजल्याला दीड दीड फुटाच्या. आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही, याचं घरात सगळ्यांना कौतुक. वायफायलाही ऐकू जात नाही, हे मात्र नंतर कळलं.

कनेक्शन मिळायला काहीच त्रास झाला नाही. आधार दाखवलं, केवायसी माझ्या नावाने झालं, तिसऱ्या दिवशी मुलगा फायबरची गुंडाळी खांद्यावर टाकून हजर. रस्त्याच्या खांबावरून वायर आली ती थेट आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत. त्याने खिडकीशेजारीच, टीव्हीच्या मागे, वायफायचा डबा ठोकला. खिशातलं मीटर लावून म्हणाला, "मायनस एकोणीस, एक नंबर आहे मॅडम." मी विचारलं, मधल्या जिन्याजवळ लावता येईल का, म्हणजे तिन्ही मजल्यांना सारखं. तो म्हणाला, "चालेल इथं, रेंज लांब आहे." मला वाटलं, त्याला जास्त कळत असणार. त्या मायनस एकोणीसचा अर्थ एवढाच होता की काचेच्या तारेतून प्रकाश डब्यापर्यंत नीट पोचतोय. डब्यापासून काकांच्या खोलीपर्यंतची जबाबदारी त्यात येत नाही.

पहिल्याच संध्याकाळी काकांचं यूट्यूबवरचं कीर्तन पूर्वरंगातच गोल गोल फिरायला लागलं. वरून पुतण्याचा मेसेज, लेक्चर अडकतंय. दिवाणखान्यात मात्र सगळं सुसाट. मी काय करावं? १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला. अडीचशे रुपये वाढले, कीर्तन होतं तिथेच. टाकीत पाणी भरपूर आणि पाइप चोंदलेला, अशा वेळी दुसरी टाकी विकत घेण्यातला हा प्रकार.

मग रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पोचवणारा डबा, आणला. हा दुसरा मूर्खपणा, पण हा बरेच जण करतात म्हणून सांगते. मी तो काकांच्या खोलीत, म्हणजे जिथे रेंज नव्हती तिथेच लावला. जिथे मूळ आवाजच पोचत नाही तिथे उभा राहून तो पुढे काय सांगणार? जिन्यात हलवल्यावर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसायला लागल्या, वेग मात्र अर्ध्याहून कमी. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, ऐकताना त्याला बोलता येत नाही. काकांना फोनवर सगळ्या दांड्या दिसत होत्या, त्यामुळे "मग चालत का नाही?" हा प्रश्न मला रोज जास्तच चिडून विचारला जाऊ लागला.

शेवटी पुतण्या फोनवर एक अॅप घेऊन घरभर फिरला, मागे मी वही घेऊन. दिवाणखान्यात उणे ४५, जिन्यात उणे ६३, काकांच्या देवघरापाशी उणे ८२. हे आकडे डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापातले, आणि दर दहाला ताकद दहापट कमी होते, हे त्याने सांगितलं तेव्हा मी वहीत गुणाकार करून बघितला. देवघरापाशी पोचेपर्यंत दिवाणखान्यातल्या ताकदीचा पाच हजारावा भागसुद्धा उरत नव्हता. वाटेत काय काय होतं तेही दिसलं: दीड फुटी भिंत, काकूंचं लोखंडी कपाट, त्यावरचा पुरुषभर आरसा. धातू लहरी परतवून लावतो, आणि आरशामागचा मुलामाही धातूचाच. त्यात पेठेतली घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे शेजाऱ्यांची सतरा नेटवर्कं त्याच २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करून बसलेली. तिथे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दुपारी साडेबाराला आमचा मायक्रोवेव्ह लागला की त्याचीही भर, कारण तोही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण ते भिंतीपुढे आणखी लवकर हात टेकतं.

"काकू, वायर टाकायला लागेल," पुतण्या मला म्हणाला. वायरलेससाठी वायर! पण त्याचं बरोबर होतं. दर मजल्यावर आपापला डबा हवा, आणि त्या डब्यापर्यंत इंटरनेट तारेनेच जायला हवं. आधीच्या कनेक्शनांचे दोन राउटर विकत घेतलेले होते, माळ्यावर पडून होते. खर्च फक्त वायरचा.

दोरीने मोजलं तर दोन्ही मजल्यांचं मिळून ३१ मीटर भरलं. आम्ही तपकीर गल्लीत गेलो. कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची आठ तारांची वायर, मागितल्यावर दुकानदाराने दोन रिळं पुढे टाकली, एकाचा भाव दुसऱ्याच्या निम्मा. पुतण्याने स्वस्तातल्या वायरचं टोक सोलून आतली तार चाकूने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. "सीसीए आहे," तो म्हणाला. म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानदार जराही न ओशाळता म्हणाला, "सगळे हीच नेतात." आम्ही अस्सल तांब्याची ३५ मीटर घेतली, वर क्लिपा, दहा जॅक आणि ते वायरवर दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा पक्कड.

वरच्या मजल्याची वायर जिन्याच्या कठड्याकडेने अर्ध्या तासात गेली. खाली ती दीड फुटी भिंत. घरातल्या ड्रिलचं पातं वीतभरसुद्धा नाही. भिंत फोडायचं नाव काढताच काकांनी नकारार्थी मान हलवली. मग काकूच म्हणाल्या, "अगं, ते फोनचं भोक आहे की कपाटामागे."

मला त्या घरात येऊन बावीस वर्षं झाली, पण हे ठाऊक नव्हतं. पूर्वी घरात एकच फोन होता, आमच्या मजल्यावर, आणि काकांकडे त्याचा पॅरलल. त्याची वायर अजून भिंतीत होती, दोन्हीकडे चुन्याने बुजलेली. आम्ही कपाट सरकवलं, चुना टोकरला, जुन्या वायरच्या टोकाला नवी वायर चिकटपट्टीने बांधली. (जॅक आधी लावायचा नाही, भोकातून जात नाही. हे आम्हाला एक जॅक वाया गेल्यावर समजलं.) मी इकडून सारत होते, पुतण्या पलीकडून ओढत होता. मध्येच अडकली. काकांनी स्वयंपाकघरातून वाटीत खोबरेल आणून वायरला फासलं आणि म्हणाले, "आता हळू." सरसर आवाज करत फोनची वायर बाहेर गेली आणि तिच्या शेपटीला धरून आमची निळी वायर.

मग जॅक. आठ तारा, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मी पर्वचा म्हणावी तसं म्हणत होते, तो लावत होता. लॅपटॉप जोडला तर वेग आला ९४. काका खूश. पण २०० च्या प्लॅनला वायरवर ९४ हा आकडा संशयास्पद. चार जोड्यांपैकी निळी किंवा तपकिरी तुटली की दोन टोकं आपसांत १०० वर समझोता करतात. भिंगातून बघितलं तर तपकिरी तार शेवटपर्यंत पोचलेलीच नव्हती. जॅक कापून पुन्हा केला, १९६. गंमत अशी की काकांच्या जुन्या राउटरची भोकंच १०० ची निघाली, तेव्हा त्यांना शेवटी ९४ च मिळतात. आणि चांगल्या दिसणाऱ्या कीर्तनाला पाचसुद्धा पुरतात.

एवढं झाल्यावर त्याच रात्री घरातल्या निम्म्या फोनांचं इंटरनेट बंद पडलं. जुने राउटर नुसते जोडून उपयोग नसतो. त्यांचं डीएचसीपी बंद करावं लागतं, नाहीतर प्रत्येक डबा आपल्या मनाने फोनांना पत्ते वाटत सुटतो. एका गल्लीत तीन पोस्टमन, प्रत्येकाची घरांची नंबरवारी वेगळी. शिवाय तिघेही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच सांगत होते. टाचणीने रिसेट करून एकाच्या पत्त्याच्या टोकाला २ आणि दुसऱ्याच्या ३ दिला, डीएचसीपी फक्त फायबरच्या डब्यात ठेवलं, आणि जुन्या राउटरांतली वायर वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात घातली. तिन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे जिना चढता-उतरताना फोन आपापला डबा बदलतो.

नावावरून मात्र बैठक बसली. काकांना 'श्री गजानन प्रसन्न' हवं होतं, तेही देवनागरीत. नावाला जागा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-वेलांटीसकट, ३ बाइट खातं. गजाननापर्यंतच जागा पुरते, 'प्रसन्न' मावत नाही. शेवटी सासूबाईंचा घराण्याच्या आडनावाचा ठराव पास झाला. पासवर्ड बाहेर द्यायचा नाही हेही ठरलं, कारण केवायसी माझं. गणपतीत येणाऱ्यांसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, ते विसर्जनानंतर बंद.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून छोटा यूपीएसही घेतला. पण अॅडॅप्टरवरचं वाचून घ्या. आमचे दोन डबे १२ व्होल्टचे, काकांचा ९ चा, त्याला हा यूपीएस चालत नाही. त्यामुळे गुरुवारी सकाळी काका चहाचा कप घेऊन वर येतात आणि आमच्या सोफ्यावर कीर्तन ऐकतात.

वायर जॅकच्या उचापतींत कापून कापून तीन मीटर उरली आहे. परवा पुतण्या गच्चीत उभा राहून पावसाच्या पाइपाकडे बघत होता. जाऊबाई खालूनच ओरडल्या, "तिथे माझे पापड वाळतात. तिथे काही लावायचं नाही."