ओहोटीच्या धारेतला बोया

शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. होडी बांधायच्या तरंगत्या बोयाजवळ येताना शीड सैल सोडून त्यातला वारा सांडू द्यायचा आणि शेवटी नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्यात घालून होडी थांबवायची, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. शिमग्याच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दाभोळच्या खाडीत मात्र तेवढे पुरले नाही.

दुपारचे तीन वाजले होते. उधाणाची ओहोटी ऐन जोरात, साधारण 2 नॉट (ताशी 2 सागरी मैल) वेगाने समुद्राकडे धावत होती आणि वायव्येचा खारा वारा वाशिष्ठीच्या मुखातून आत येत होता. होडी मालकाची, 30 फुटी. चार पाहुणे आणि पुढे आकडी घेऊन उभा असलेला खलाशी. मी नेहमीप्रमाणे पूर्वेकडून वाऱ्यावर चढत आलो, शीड सैल केले आणि वेगमापक 1 नॉटवर उतरलेला पाहून निश्चिंत झालो. पण तो वेग पाण्यातला होता, आणि पाणीच आम्हाला पुढे घेऊन चालले होते; बोयाजवळून आम्ही गेलो ते 3 नॉटने. खलाशाने आकडी बोयाच्या दोरात अडकवली आणि तो कठड्यावर ओढला गेला.

“सोड!” मी ओरडलो. त्याने सोडली, आकडी बोयालाच लटकत राहिली. (वेग तिप्पट झाला की होडीच्या अंगातला जोर नऊपट होतो. तिथे माणसाच्या हातांचे काय चालणार!)

शेजारच्या नौकेवर जाळे विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी काही न बोलता रांगेने बांधलेल्या नौकांकडे बोट दाखवले. साऱ्यांच्या नाळा पूर्वेला, धारेकडे होत्या आणि वाऱ्याकडे पाठ. हे मला आधीच दिसायला हवे होते.

फेरीबोटीची वाट सोडून मी समुद्राच्या बाजूला गेलो आणि मोठे शीड उतरवले, कारण ते वर असते तर मागून येणारा वारा त्यात भरून होडी थांबलीच नसती. मग एकट्या पुढच्या शिडावर धारेच्या उलट निघालो. किनाऱ्यावर मशिदीचा मिनार आणि त्यामागचा एक उंच माड अशी खूण धरली. मिनार माडावरून सरकत होता तोवर होडी पुढे जात होती. शीड वीतवीत गुंडाळत नेले, तसा तो माडावरच थबकला. वेगमापक 2 नॉट दाखवत होता, सुकाणू हाताला पाण्याचा दाब देत होते, आणि बोया मात्र नाळेखाली जागच्या जागी डुलत होता. खलाशाने वाकून आधी आपली आकडी काढून घेतली, मग दोर.

सहाच्या सुमारास ओहोटी मंदावली, तशा खाडीतल्या नौका एकेक करून वाऱ्याकडे तोंड फिरवू लागल्या.